ऑफिसातले चहाचे चमचे जातात तरी कुठे?
कुठे ते देव जाणे, पण किती वेगाने जातात हे मात्र मोजून झालंय! मेलबर्नच्या बर्नेट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी ७० चमच्यांवर लाल नेलपॉलिशने गुपचूप नंबर घातले आणि ते संस्थेतल्या चहाच्या खोल्यांत सोडून दिले. पाच महिन्यांत ५६ पसार! सगळ्यांच्या सामाईक खोल्यांत तर ४२ दिवसांतच निम्मे गुल. चमचा भारीतला की साधा, यानेही फरक पडला नाही, म्हणजे चोर चोखंदळ नाहीत. २००५ मध्ये हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये रीतसर छापून आलंय, थट्टा नाही. ७० चमचे कायम हाताशी हवेत तर वर्षाला साधारण २५० घ्यावे लागतील, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडे साखर पातेल्यातच पडते म्हणून बरं.