बोनसचे सत्तर हजार आणि जैसलमेर ते अमळनेर गाडीने

अमळनेरचे एक वाचक जैसलमेरजवळच्या सौर प्रकल्पावर नोकरीला आहेत. तिथेच सोबत पत्नी, दोन मुलं आणि सहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी. यंदा दिवाळीला रेल्वेने न येता गाडीने यायचं, वाटेत जैसलमेरचं मरू राष्ट्रीय उद्यान, कच्छचं छोटं रण आणि वेळावदरचं काळवीट उद्यान मुलांना दाखवायचं, असा बेत आहे. खर्चाचा अंदाज साठ हजार. बोनस सत्तर हजार येणार. रेल्वेचे चौदा हजार दरवर्षीसारखे बाजूला काढलेले आहेत. मात्र क्रेडिट कार्डावर अडतीस हजार थकलेत आणि दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरली जाते. बोनसला हात न लावता सहलीसाठी दोन वर्षांचं पर्सनल लोन घ्यावं का, असं ते विचारतात.

भाऊ, लोन नको. साठ हजारांवर १४ टक्के धरले तर महिन्याला साधारण २,८८० चा हप्ता बसतो आणि दोन वर्षांत नऊ हजारांच्या वर व्याज जातं. प्रोसेसिंग फी वेगळी. आणि तुमचं खरं दुखणं तर कार्ड आहे. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे तेराशे रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. वाटेत पेट्रोलसाठी कार्ड घासलंत, तर त्याच दिवसापासून मीटर सुरू. म्हणून बोनस आला की आधी अडतीस हजार भरून मोकळे व्हा.

उरले बत्तीस, त्यात रेल्वेचे चौदा: शेहेचाळीस हजार. सहल यात बसते, थोडी कात्री लावली की.

कात्री मरू उद्यानाच्या मुक्कामाला लावा. तुम्ही राहता जैसलमेरला! तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं ते उद्यान तुमच्या दाराशी आहे. उद्यानातल्या सुदासरीला माळढोक पक्षी बघायला हिवाळ्यातला कुठलाही रविवार चालेल. त्यासाठी दिवाळीच्या दिवसांत समच्या वाळूच्या टेकड्यांवरल्या तंबूला चढा भाव का मोजायचा?

छोटं रण मात्र वाटेवरच आहे आणि रानगाढवं तिथेच दिसतील. पावसाळ्यात बंद असलेलं अभयारण्य ऑक्टोबरच्या मध्याला उघडतं. तिथे स्थानिक जीप आणि गाइडचे पैसे वाचवू नका. वरून कोरडी दिसणारी जमीन खाली चिखल असते. तुमची गाडी रुतली तर ट्रॅक्टरवाला मागेल ती रक्कम द्यावी लागेल.

वेळावदर जरा आडवाटेला आहे. पण तिथून पुढे भावनगरजवळच्या घोघ्याहून सुरतजवळच्या हजिऱ्याला फेरीबोट जाते, गाडीसकट. खंभातच्या आखाताला वळसा घालून रस्त्याने सुरत साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. पाण्यातून नव्वदच्या आसपास. फेरीचं भाडं आणि वाचलेलं पेट्रोल शेजारी मांडून बघा, वेळापत्रक आधी तपासा. पुढे सोनगड, नवापूर, धुळे आणि घर.

हे सगळं येतानाच उरका, दिवाळीच्या आधी. पाडव्यापासून गुजराती कुटुंबं फिरायला निघतात, लाभपंचमीपर्यंत तिकडचे हॉटेलवाले ऐकत नाहीत. परतीला सरळ रस्ता धरा.

गाडीचा खर्च तुम्ही फक्त पेट्रोलचा मांडलाय. जाऊन-येऊन, गावातलं फिरणं धरून २,६०० किलोमीटर, सोळाचं मायलेज, लिटरला शंभर: सोळा हजार. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचे किलोमीटरमागे दोन रुपये, म्हणजे आणखी पाच हजार. फास्टॅगचा वार्षिक पास साधारण तीन हजारांचा, टोलच्या २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. खाजगी गाडीला राष्ट्रीय महामार्गावर तो स्वस्त पडतो, राज्याच्या टोलला चालत नाही. त्यासाठी हजार सुटे ठेवा. झाले पंचवीस हजार. दोन मुक्काम, जीप, फेरी, जेवण यांना पंधरा. शिल्लक सहा.

ते सहा हजार गावासाठी आहेत. खान्देशात गाडी घेऊन आलेला माणूस पाहुणा राहत नाही, ड्रायव्हर होतो. आईला मनुदेवीच्या दर्शनाला न्यायचं, काकांना पद्मालयच्या गणपतीला, भाऊबीजेला बहिणीकडे, आणि धनत्रयोदशीला घरातल्या सगळ्यांना जळगावच्या सराफ बाजारात. मी पेट्रोल धरलंय, सराफ बाजार नाही. वहिनींशी तेवढं आधी बोलून घ्या.

आणि बोनस लांबला तर? रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. जायची-यायची तिकिटं त्या-त्या दिवशी काढून ठेवा. पैसे खात्यात आले की रद्द करा, वेळेवर केलीत तर थोडेच कापले जातात. नाही आले, तर यंदा रेल्वेनेच या. रण पुढच्या हिवाळ्यातही उघडेल.