दुकानाबाहेर संप, घरात वाद

प्रश्न: आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटमधल्या कामगारांनी संप केलाय. दारात फलक घेऊन माणसं उभी असतात. मी तिथे जाणं बंद केलं. ह्यांचं म्हणणं, "आपण व्हिसावरची माणसं, आपल्याला त्यांच्या भांडणात काय करायचंय? दूध घ्यायचं आणि यायचं." सासरे सध्या इथे आलेत. ते परळचे, त्यांचा सख्खा भाऊ गिरणीत होता, त्यामुळे ते तिथे गाडीतून खालीसुद्धा उतरत नाहीत. भरीस भर म्हणून आमच्या १७ वर्षांच्या मुलाला (तो इथेच जन्मलेला) त्याच दुकानात तात्पुरतं काम मिळतंय, तेही चांगल्या पैशांत. घरात रोज वाजतं. काय करावं?

उत्तर: आधी भीतीचं बघू, कारण तुमच्या मिस्टरांच्या बोलण्यात मला तत्त्वापेक्षा तीच जास्त दिसते. संप चालू असलेल्या दुकानात ग्राहकाने जाणं अमेरिकेत गुन्हा नाही, आणि न जाणं तर नाहीच नाही. दूध दुसरीकडून घेतलं म्हणून कोणी तुमची व्हिसाची फाईल उघडत नाही. नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या कागदपत्रांत संपाचा उल्लेख असतो, हे खरं. पण तिथे तुमचा मालक लिहून देतो की, या कामाच्या जागी, या प्रकारच्या नोकरीत सध्या संप किंवा टाळेबंदी नाही. किराणा दुकानाशी त्याचा काडीचा संबंध नाही. संपकऱ्यांसोबत फलक धरून उभं राहायचं का, हा मात्र वेगळा प्रश्न. व्हिसावर असणाऱ्याने तो स्वतःपुरता नीट विचार करून सोडवावा. तुम्ही तो विचारलेलाही नाही.

आता "आपल्याला काय करायचंय" याकडे येऊ. तुमच्या सासऱ्यांच्या आठवणीतला संप १९८२चा, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा. त्या संपात गिरणीच्या गेटवर मालक होता, कामगार होता, पोलीस होते, ग्राहक नव्हता. कापड घेणाऱ्याला ते कुठल्या गिरणीचं, तिथे काय चाललंय, याचा पत्ता नसायचा. किराणा दुकानात कामगार आणि ग्राहक एकाच दारातून आत जातात. मॅनेजर आणि बदली माणसं मिळून दुकान कसंबसं उघडं ठेवू शकतात, फळ्याही अर्ध्या भरतात. गल्ला भरणं मात्र त्यांच्या हातात नसतं, ते आपल्या हातात असतं. म्हणून "मी कोणाच्याच बाजूचा नाही" म्हणत ट्रॉली ढकलत आत जाणं मला पटत नाही. तुमची इच्छा असो वा नसो, त्या दिवशीची तुमची खरेदी कोणाच्या तरी बाजूने मोजली जाते.

लोकांचं मत काय, असं विचाराल तर कागदावर ते कामगारांच्या बाजूचं आहे. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत युनियन असाव्यात असं मानणारे अमेरिकन २००९ साली ४८ टक्क्यांपर्यंत घसरले होते. २०२२मध्ये ते ७१ टक्के झाले आणि २०२५मध्ये ६८ टक्के होते. पण पाहणी करणाऱ्याला फोनवर "हो" म्हणायला काही पडत नाही. संध्याकाळी सात वाजता घरात ब्रेड नसतो तेव्हा खरी परीक्षा असते. त्या परीक्षेत लोक नेहमी नापास होतात असं मात्र नाही. एप्रिल २०१९मध्ये अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये स्टॉप अँड शॉप या सुपरमार्केट साखळीचे ३१,००० कामगार ११ दिवस संपावर होते, तेही ईस्टर आणि ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या तोंडावर. काही रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) आपल्या लोकांना सांगितलं, सणाची खरेदी तिथून करू नका. ग्राहक इतके आटले की मालक कंपनीने आपल्या नफ्याला ९ ते ११ कोटी डॉलरचा फटका बसेल असं जाहीर केलं. त्याआधी २०१४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये मार्केट बास्केट या सुपरमार्केट साखळीचं प्रकरण गाजलं. तिथे युनियनच नव्हती. आपल्या लाडक्या प्रमुखाला काढलं म्हणून कर्मचारी उठले, आणि ग्राहकांनी दुसऱ्या दुकानांतून केलेल्या खरेदीच्या पावत्या मार्केट बास्केटच्या काचांवर चिकटवल्या. तुमचे किती पैसे बुडाले ते बघा, असं! मला तो प्रकार फार आवडला होता.

ग्राहक थांबले की कामगार जिंकतातच, असं मी सांगणार नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात २००३च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला सुपरमार्केट कामगारांचा संप साडेचार महिन्यांहून जास्त चालला. मुद्दा मुख्यतः आरोग्य विम्याचा होता. शेवटी नव्याने लागणाऱ्यांना कमी पगार, कमी सवलती, अशी दुहेरी व्यवस्था युनियनला मान्य करावी लागली. तुमच्या कोलोरॅडोत मात्र किंग सूपर्स या सुपरमार्केट साखळीतले संप, २०२२चा आणि २०२५चा, दोन आठवड्यांच्या आतच आटोपले.

तर माझं मत: जाऊ नका. तुमच्याकडे गाडी आहे, दुसरं दुकान बहुधा दहा मिनिटांवर असेल. तुम्हाला पडणारी किंमत थोडं पेट्रोल आणि थोडी चिडचिड, एवढीच. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि पायी गाठता येईल असं एकच दुकान आहे, त्यांनी काय करावं हे मात्र आपण एसयूव्हीत बसून ठरवू नये. मराठी मंडळाच्या ग्रुपवर "आज तिथे अजिबात रांग नाही, पटकन जाऊन या" असं लिहिणारे असतात, तसे जाणाऱ्यांची हजेरी घेणारेही असतात. दोघांनाही उत्तर देऊ नका. मंडळाच्या हळदीकुंकवाचं सामान त्याच दुकानातून यायचं असेल तर मात्र समितीत तोंड उघडा. ती ऑर्डर एका घराची नसते.

औषधं त्या दुकानातल्या फार्मसीत असतील तर जिवाशी खेळ नको. दुसऱ्या फार्मसीला फोन करून जुन्या बाटलीवरची माहिती दिलीत की बहुतेक प्रिस्क्रिप्शन ते स्वतः मागवून घेतात. तेवढा वेळ नसेल तर सरळ आत जा आणि औषध घेऊन या. दारातल्या माणसाला "औषधासाठी चाललेय" म्हटलंत तर सहसा कोणी वाकडं बोलत नाही.

घरबसल्या मागवणं हा चोरवाटेचा प्रकार आहे, तो नको. ॲपवरून सामान मागवलं की तुमच्याऐवजी तो डिलिव्हरीवाला संपकऱ्यांची रांग ओलांडतो, गल्ला तोच भरतो. त्याच आवारात तुमची बँक किंवा मुलीचा नाचाचा क्लास असेल तर मात्र बिनधास्त जा. पार्किंगमध्ये शिरणं म्हणजे संप मोडणं नव्हे, हे सासऱ्यांनाही सांगा. आणि दारात फलक दिसले म्हणजे संपच आहे असंही नाही. वाटाघाटी चालू असताना कामगार कधीकधी नुसती माहिती देण्यासाठी उभे राहतात, खरेदी थांबवा असं त्यांचं म्हणणं नसतं. पत्रक घ्या, वाचा. कॅलिफोर्नियाच्या त्या संपात युनियनने काही आठवड्यांनी राल्फ्स या एका साखळीच्या दारातली आपली माणसं काढून घेतली आणि इतर दोन साखळ्यांवर जोर लावला. तेव्हा आधीच्या आठवड्यात ऐकलेलं गृहीत धरू नका.

राहता राहिला मुलगा, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा गुंता तोच आहे. बापाने तिथून दूध आणणं आणि मुलाने तिथे गल्ल्यावर उभं राहणं, यांना एका मापात मोजता येणार नाही. पहिल्याने संपाला थोडा धक्का बसतो. दुसऱ्यात तो कोणाच्या तरी जागेवर उभा राहतो. कायद्याने त्याला मनाई नाही. उलट, संप पगार-सवलतींसाठी असेल तर मालक संपकऱ्यांच्या जागी कायमची माणसंही घेऊ शकतो, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३८मध्येच म्हणून ठेवलंय. मालकाने कामगार कायदा मोडला म्हणून झालेल्या संपात तसं करता येत नाही. संपकऱ्यांना या काळात पगार मिळत नाही. युनियनच्या निधीतून मिळतात ते पैसे पगाराच्या मानाने तुटपुंजे असतात. आणि ज्या कॅशिअर बाईच्या जागी तो उभा राहील, तिचा मुलगा त्याच्याच वर्गात असू शकतो. मी असते तर नाही म्हटलं असतं.

पण तुम्ही ते हुकूम म्हणून सोडू नका. १७ वर्षांच्या मुलाला नुसतं "नको" म्हटलं की तो त्या कामाला अजूनच चिकटतो. त्याला आजोबांसोबत एक दिवस दारातल्या माणसांशी बोलायला पाठवा. मागण्या काय आहेत, तास किती मिळतात, विमा कधी लागू होतो, हे त्याने स्वतः विचारावं. आजोबांचं इंग्रजी जेमतेम असेल तर नातवाने दुभाषा व्हावं. परत आल्यावरही त्याला ते काम करायचंच असेल, तर निदान कशात पाय टाकतोय हे त्याला माहीत असेल. मग भांडा खुशाल.

मिस्टरांशी मात्र वाद लांबवू नका. दुधाचं काम काही दिवस तुमच्याकडे घ्या, नाहीतर त्यांच्या ऑफिसच्या वाटेवरचं दुसरं दुकान शोधून द्या. संप मिटल्यावर मात्र सगळ्यांनी जुन्या दुकानात परत जा. अनेक कुटुंबं नव्या दुकानाला सरावतात आणि तिकडचीच होऊन जातात. विक्री घटली की आधी कात्री लागते ती अर्धवेळ कामगारांच्या तासांना, म्हणजे ज्यांच्यासाठी तुम्ही एवढं थांबलात त्यांनाच.