फिश टँकच्या झाकणातला पंखा हवा आत ढकलणारा की बाहेर ओढणारा?

प्रश्न : काका, आमचा फिश टँक ३ फुटी आहे. सुताराकडून प्लायचं झाकण करून घेतलं आणि आतून एलईडीच्या पट्ट्या चिकटवल्या. दुपारी चारला पाणी ३३ अंशांवर जातं. झाकणात ठेवलेला अडॅप्टर वर्षात दोनदा जळला. वर कॉम्प्युटरचा जुना पंखा हवा बाहेर फेकेल असा लावला, तो दोन महिन्यांत अडकला. गोल्डफिश सारखे वर येऊन तोंड मारतात. मोठा पंखा घेऊ का? — एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : पंखा तेवढाच राहू द्या, फक्त उलटा बसवा. पण त्याआधी आजच दोन गोष्टी करा. एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा आणि दिवे दुपारी बंद ठेवून संध्याकाळीच लावा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. तो वर येऊन तोंड मारतो म्हणजे त्याचा जीव घुसमटतोय.

आता झाकण. माझं पहिलं झाकण नंदानगरच्या घरात केलं होतं, २० वॅटची ट्यूब आणि चोक दोन्ही आतच. महिनाभरानं ते उचललं, तेव्हा चोकला हात लाववत नव्हता. तारेच्या उघड्या टोकाला हिरवा गंज चढला होता आणि त्याच्या खाली पाण्याचा एक थेंब लोंबत होता. तेव्हापासून वीज बदलणारी कुठलीही वस्तू मी झाकणात ठेवत नाही. तुमचा अडॅप्टर भिंतीवर, टँकच्या बाजूला न्या. प्लगच्या खाली तारेला झोल ठेवा, म्हणजे तारेवरून आलेलं पाणी झोलातच गळेल. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, हवीच. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद, हेही घरात सगळ्यांना सांगा.

बाहेर ओढणारा पंखा टँकवरची ओली हवा स्वतःच्या अंगातून नेतो. तुमचा अडकलेला पंखा उघडून बघा. पात्यांवर क्षारांचा पांढरा थर आणि बेअरिंगला गंज सापडेल. तोच पंखा आत ढकलणारा केला, की त्याच्या वाट्याला खोलीची कोरडी हवा येते. झाकणाच्या एका टोकाला तो बसवा आणि समोरच्या टोकाला, शक्य तितकं वर, हवा बाहेर पडायला वाट द्या. ८० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड साधारण ५० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे इंची ड्रिलची दहा भोकं. त्याहून कमी ठेवलीत तर पंखा नुसता घरघरेल. भोकांना आतून जाळी लावा. १२ व्होल्टचा पंखा ९ व्होल्टवर चालवला तर आवाज कमी होतो आणि या कामाला तेवढा वारा पुरतो. नवा पंखा आणि अडॅप्टर महाराणी रोडला मिळतील.

एलईडी थंड असते असं सगळे म्हणतात, पण ती पाठीमागून तापते. प्लाय ती उष्णता पुढे जाऊ देत नाही, म्हणून पट्टी लवकर मंद होते. सरकत्या खिडक्या करणाऱ्यांकडे ॲल्युमिनियमच्या चॅनलचे उरलेले तुकडे असतात. पट्ट्या त्यावर चिकटवा आणि चॅनल प्लायपासून बोटभर खाली टांगा, म्हणजे वारा दोन्ही बाजूंनी फिरेल. पट्ट्यांच्या खाली तेवढ्याच रुंदीची ॲक्रिलिकची पट्टी असू द्या. सगळं पाणी काचेनं झाकू नका. उघड्या भागावर जाळी टाका, मासे उडी मारतात.

पाणी उघडं हवं, कारण खरी गारवा देणारी गोष्ट बाष्पीभवन आहे. तुमच्या टँकमध्ये १२० लिटर पाणी धरू. त्यातलं १ लिटर वाफ होऊन गेलं आणि सगळी उष्णता पाण्यानंच दिली, तर ते पावणेपाच अंशांनी उतरेल. खोलीकडून उष्णता परत येत राहते, म्हणून माझ्याकडे प्रत्यक्षात दोन ते तीन अंश उतरतं. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत, माठासारखंच, हे छान चालतं. पावसाळ्यात हवा ओली झाली की पंख्याचा उपयोग दिव्यांपुरताच.

उडालेल्या पाण्याबरोबर क्षार उडत नाहीत, ते टँकमध्येच साठतात. म्हणून नुसती भर घालत बसू नका, आठवड्याला २५ लिटर पाणी बदला. नर्मदेच्या नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच टाका. बर्फ मात्र टाकू नका, एकदम उतरलेलं तापमान माशांना सोसत नाही.

पंखा उलटा केल्यावर आठ दिवस सकाळी सात आणि दुपारी चारचं तापमान वहीत लिहा. चारचा आकडा ३० च्या खाली आला नाही, तर टँक कुठल्या भिंतीला आहे ते मला कळवा. पश्चिमेची भिंत असेल तर टँकची जागाच बदलावी लागेल.