मलावीला दोन आठवडे जाताना

सलाम. जूनमध्ये आपल्या चर्चमंडळीच्या वैद्यकीय तुकडीबरोबर दोन आठवडे आफ्रिकेतल्या मलावीला चालली आहेस, जनरल वॉर्डचा चार वर्षांचा अनुभव आहे, तर औषधं किती न्यावीत आणि तयारी काय करावी, असं तू विचारलंस. ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते. मी मिरजेला नर्सिंग शिकले, सगळी नोकरी मिशन रुग्णालयांत केली आणि मलावीला तीनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला जे केलं ते आता करणार नाही, म्हणून तिथूनच सांगते.

आम्ही चौदा जण होतो. रोज एक खेडं, तिथल्या चर्चमध्ये शिबिर. सकाळी सातला पोचलो तरी दोन-अडीचशे माणसं येऊन बसलेली असायची. दोन डॉक्टर, चार नर्स, बाकीचे गोळ्या मोजायला आणि रांग लावायला. रात्रीच्या प्रार्थनेत त्या दिवशीचा आकडा सांगायचा आणि प्रभूचे आभार मानायचे. आज तीनशे बारा, आज तीनशे चाळीस. त्या आकड्यांची मलाही नशा चढली होती, खोटं कशाला बोलू.

मलावीत प्रत्येकाजवळ एक छोटी वही असते, तिला हेल्थ पासपोर्ट म्हणतात. सरकारी दवाखाना असो की मिशनचा, जो तपासेल त्याने त्यातच लिहायचं. आपल्याकडे केसपेपर दुसऱ्या दिवशी सापडत नाही. तिथल्या बायका ती वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चितेंजेच्या गाठीत बांधून आणतात. चितेंजे म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड. मूल पाठीशी बांधायला, डोक्यावरच्या ओझ्याखाली चुंबळ करायला, बसायला, सगळ्याला तेच.

एका पन्नाशीच्या बाईंचं बीपी १९०/११० भरलं. डॉक्टरांनी गोळी लिहिली. मी तीस गोळ्या मोजून पुडीत घातल्या, वहीत नोंद केली, ‘रोज सकाळी एक’ असं दुभाष्याकडून दोनदा वदवून घेतलं. काम चोख झालं असंच वाटलं. दोन वर्षांनी आम्ही त्याच गावी गेलो. त्या बाईंना त्यांची मुलगी धरून घेऊन आली. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं. वही उघडली तर बीपीची शेवटची नोंद माझ्याच अक्षरातली. तीस दिवसांनी गोळ्या संपल्या, डोकं दुखत नव्हतं, म्हणजे बरं झालं असं त्यांनी धरलं. बीपीची गोळी जन्मभर असते हे सांगायला त्या गर्दीत मला वेळ नव्हता.

त्या वर्षी तिथल्या मिशन रुग्णालयाचे एक क्लिनिकल ऑफिसर आमच्याबरोबर होते. मलावीत डॉक्टर फार थोडे, सिझेरियनपर्यंतची कामं हे क्लिनिकल ऑफिसरच करतात. त्यांनी वही चाळली आणि शांतपणे विचारलं, “पुढे कुठे जायचं ते का लिहिलं नाहीत? आमची बीपीची ओपीडी दर आठवड्याला असते. इथून नऊ किलोमीटर.” आम्हाला ती ओपीडी आहे हेच माहीत नव्हतं. कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

म्हणून औषधांच्या आधी तुकडीच्या प्रमुखांना हे विचार: आपण कोणाच्या बोलावण्यावरून चाललोय आणि आपण परतल्यावर या पेशंटांना कोण बघणार? बोलावणं तिथल्या चर्चचं असेल आणि जवळच्या रुग्णालयाला पत्ताच नसेल, तर अजून वेळ आहे, आधी रुग्णालयाशी बोलणं करून घ्या. मलावीतली बहुतेक मिशन रुग्णालयं ‘चॅम’ या ख्रिस्ती आरोग्य संघटनेची सभासद आहेत. ती १९६६ पासून आहे आणि देशातल्या आरोग्यसेवेचा मोठा वाटा तिची रुग्णालयं उचलतात. म्हणजे तिथे काहीच नाही आणि आपण जाऊन सुरू करणार, असला प्रकार नाही. मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी मिरजेचं रुग्णालय १८९४ साली सुरू केलं आणि जवळजवळ चार दशकं इकडे काढली. आपण चौदा दिवसांचे पाहुणे. पाहुण्याने स्वयंपाकघरात हात लावावा, पण डबे कुठे आहेत ते घरच्या बाईला विचारून.

आता औषधं. बॅगा भरून सॅम्पलच्या गोळ्या नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की दान दिलेल्या औषधाची मुदत पोचताना किमान वर्षभर उरलेली हवी, आणि ते औषध तिथल्या यादीतलं, तिथल्यांनी मागितलेलं हवं. सहा वेगवेगळ्या कंपन्यांची सहा अँटिबायोटिकं तिथल्या फार्मसीवाल्याच्या गळ्यात टाकून आपण विमानात बसतो आणि मुदत संपल्यावर ती जाळायचं काम त्याच्याकडे. शिवाय तिथल्या स्टोअरमधली निम्मी खोकी भारतातच बनलेली असतात, ते पाहून मला हसू आलं होतं. यादी मागवा आणि जमेल तेवढं तिथेच विकत घेऊन द्या. न्यायचंच तर बीपीची चांगली यंत्रं, त्यांचे मोठे-लहान कफ, पल्स ऑक्सिमीटर आणि त्यांचे सेल. औषधं नेणारच असाल तर तिथल्या औषध नियामकाची परवानगी आधी काढा, नाहीतर विमानतळावर पेट्या अडकतात. नर्स म्हणून हात लावायचा तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणीही लागते. इथलं रजिस्ट्रेशन, गुड स्टँडिंगचं पत्र (आपल्यावर काही कारवाई नाही असं इथल्या कौन्सिलचं पत्र), प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती आजच गोळा करायला लाग.

तुझा वॉर्डचा अनुभव आहे, तर शिबिरापेक्षा वॉर्डची ड्युटी मागून घे. एका नर्सकडे अख्खा वॉर्ड असतो. पेशंटचं खाणं, अंघोळ, कूस बदलणं सगळं सोबतचा नातेवाईक करतो, त्याला तिथे गार्डियन म्हणतात. आवारात त्यांची चुलीवर स्वयंपाक करायची जागा असते. आपल्या सिव्हिलमध्ये काम केलेल्याला यात नवल नाही, परदेशी पाहुणे मात्र भांबावतात. दुसऱ्या खेपेला मी बारा दिवस नुसती मेडिकल वॉर्डात होते. बीपी, इंजेक्शनं, ड्रेसिंग, रात्रीचं हँडओव्हर. सांगण्यासारखा आकडा एकही नाही. तिथल्या सिस्टरांनी मला तापाच्या पोराची मलेरियाची रॅपिड टेस्ट करून तीन दिवसांत सहा डोसांचं गणित वजनाप्रमाणे कसं बसवायचं ते शिकवलं. मी त्यांना बेडसोअरचं माझं ड्रेसिंग दाखवलं. ते त्यांनी ठेवलं की नाही कोण जाणे.

प्रार्थनेबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगते. आमच्या पहिल्या शिबिरात आधी संदेश, मग प्रार्थना, मग चिठ्ठी, मग तपासणी असा क्रम होता. मलावी सरोवराच्या काठच्या भागात याओ जमातीचे मुसलमान बरेच आहेत. तापलेलं पोर मांडीवर घेतलेली त्यांची आई तासभर संदेश ऐकत बसली होती. पुढच्या खेपेपासून आम्ही प्रार्थनेची जागा शेवटी आणि बाजूला ठेवली, हवी त्याने यावं. लोक येत होतेच. वॉर्डात तर सकाळची उपासना तिथल्या नर्सच घेतात, आणि त्यांचं गाणं सुरू झालं की आपण गप्प ऐकावं हे उत्तम.

तिथली चिचेवा भाषा थोडी शीक. मुली ब्वांजी म्हणजे कशा आहात, झिकोमो म्हणजे आभार, मलुंगो म्हणजे मलेरियाचा ताप, मान्ख्वाला म्हणजे औषध. तुला पाहून पोरं ‘म्वेन्ये’ म्हणतील, म्हणजे हिंदुस्थानी माणूस. तिथे आपले लोक बहुतेक दुकानदार, त्यामुळे एका आजोबांनी मला साखरेचा भाव विचारला होता. जेवायला न्सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानेच खायची. सोबत उसिपा नावाची सुकी बारीक मासळी मिळाली तर सुकटीची आठवण येईल. जूनमध्ये तिथे थंडी असते, स्वेटर ने.

तुझ्या स्वतःच्या तब्येतीचं: हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण आहेत ना ते बघ. सुई टोचली तर लाजून लपवायचं नाही, एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवीत. ती तिथे कुठे मिळतात हे पहिल्याच दिवशी विचारून ठेव. विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल आणि मध्ये बराच वेळ थांबायचं असेल तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागू शकतं. लस मान्यताप्राप्त केंद्रातच मिळते, निघायच्या दहा दिवस आधी तरी घ्यावी लागते, आणि परत येताना आपल्याच विमानतळावर त्यावरून अडवतात. मलेरियाची प्रतिबंधक गोळी परतल्यावरही चालू ठेवायची, डॉक्सीसायक्लिन असेल तर चार आठवडे. आमच्यातल्या एकाने घरी आल्यावर ती सोडली. तिसऱ्या आठवड्यात ताप भरला, गल्लीतल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून चार दिवस काढले, आणि शेवटी तो आयसीयूत गेला. वाचला. पण तुला ताप आलाच तर दारातूनच सांग, आफ्रिकेतून आलेय, मलेरिया तपासा.

कुठल्या रुग्णालयात जाताय ते कळलं की इथे लिही. आणि त्यांच्या ओपीडीचे वार विचारून घे, बीपी, साखर, टीबी, एचआयव्ही सगळ्यांचे. ते एका कागदावर चिचेवात लिहून घेऊन प्रत्येक दुभाष्याच्या खिशात ठेवा. वहीत औषधाखाली पुढचा वार आणि जागा लिहिल्याशिवाय पुडी हातात द्यायची नाही, एवढं मी तिसऱ्या खेपेला केलं. रांग निम्मीच संपली.