‘पार्श्वभूमी किरणोत्सर्ग’ की ‘पार्श्वभूमी प्रारण’?

प्रश्न असा आहे : एका लेखात ‘वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी किरणोत्सर्ग’ असं वाचलं. हे ‘कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंड रेडिएशन’चं भाषांतर दिसतं. याचा अर्थ काय, नाव कुठून आलं, आणि हा किरणोत्सर्ग अपायकारक असतो का?

शेवटची शंका आधी घेतो, कारण ती भाषांतरानेच निर्माण केली आहे. किरणोत्सर्ग म्हटलं की आपल्याला युरेनियम, रेडियम, चेर्नोबिल आठवतं. अस्थिर अणुकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या कणांसाठी आणि किरणांसाठी तो शब्द मराठीत रुळला आहे. रेडिएशनची व्याप्ती त्याहून कितीतरी मोठी. निखाऱ्याची धग, दिव्याचा उजेड, रेडिओच्या लहरी हे सगळं रेडिएशनच. त्यासाठी मराठी विश्वकोशात ‘प्रारण’ हा चांगला शब्द आहे आणि इथे तोच हवा. या प्रारणाचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश, म्हणजे सुमारे उणे २७० सेल्सियस. त्याने कुणाला इजा होण्याचा प्रश्नच येत नाही.

‘वैश्विक’ म्हणजे इथे अखिल विश्वाचं. हल्ली हिंदीच्या प्रभावाने ‘जागतिक’ऐवजी ‘वैश्विक’ लिहितात, तो अर्थ इथे नाही. ‘सूक्ष्म’ही जपूनच घ्यावं. या लहरी काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटरांपर्यंत लांब असतात. शेकडो मीटर लांबीच्या रेडिओलहरींपुढे त्या सूक्ष्म, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या मानाने मात्र हजारो पटींनी लांब.

खरी गंमत ‘पार्श्वभूमी’त आहे. १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होमडेल इथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे बेल प्रयोगशाळेचे संशोधक कर्ण्याच्या आकाराच्या एका मोठ्या अँटेनाने आकाशाचं मोजमाप करत होते. अशा मोजमापात येणाऱ्या लहरींची तीव्रता तापमानात सांगतात, आणि ती केल्विनमध्ये, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या अंशांत. अँटेना थेट डोक्यावर रोखली की ६.७ केल्विन तापमान दिसे. त्यातले २.३ वातावरणाचे. अँटेनातली स्वतःची गळती आणि जमिनीकडून येणारं मिळून ०.९. वजाबाकी केली की सुमारे ३.५ केल्विन उरत, आणि ते कुणाच्याच खात्यावर टाकता येत नव्हते. कर्ण्यात घरटं केलेली कबुतरं हलवली, त्यांची घाण साफ केली, तरी आकडा जवळपास तसाच. दिशा कुठलीही असो, ऋतू कुठलाही असो, शिल्लक तेवढीच. ज्ञात स्रोत वजा केल्यावर सगळीकडून सारखं उरतं ते बॅकग्राउंड. नाटकाच्या पडद्यासारखी ‘मागची’ जागा त्यात अभिप्रेत नाही.

१९६५ साली दोघांनी निबंध छापला तेव्हा शीर्षकात विश्वाचा उल्लेखही केला नाही. ४०८० मेगासायकल या वारंवारतेला अँटेनाचं तापमान जादा आढळतं, एवढंच म्हटलं. अर्थ लावला तो त्याच अंकात, शेजारच्या प्रिन्स्टनमधल्या रॉबर्ट डिकी यांच्या गटाने. सोविएत शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी याला ‘अवशेष प्रारण’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि रशियनमध्ये आजही तेच चालतं.

अवशेष कशाचा? विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होईपर्यंत इतकं तप्त होतं की इलेक्ट्रॉन मोकळे फिरत आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून सतत विखुरला जाई. तापमान ३००० केल्विनच्या आसपास उतरल्यावर अणू बनले आणि प्रकाशाची वाट मोकळी झाली. तेव्हापासून विश्व सुमारे ११०० पट प्रसरण पावलं, त्याबरोबर त्या लहरीही ताणल्या गेल्या. आल्फर आणि हर्मन या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी असं काही उरलं असेल हे १९४८ मध्येच सांगितलं होतं. त्यांचा अंदाज ५ केल्विनचा.

मला रशियन नाव फार आवडतं, पण त्यात उगमाचा निकाल आधीच दिलेला आहे. आपले जयंत नारळीकर यांना तो निकाल मान्य नव्हता. ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकल्यामुळे हे प्रारण तयार होतं, अशी मांडणी ते आणि त्यांचे सहकारी करत. ‘अवशेष’ म्हटलं तर त्यांचा मुद्दा मांडायला शब्दच उरत नाही. ‘पार्श्वभूमी’ म्हटलं तर दोन्ही बाजूंना एकाच गोष्टीबद्दल बोलता येतं. हेच प्रारण मोजायला सोडलेल्या कोबे उपग्रहाने १९९० पासून दिलेली मोजमापं आणि पुढची निरीक्षणं पाहता बहुतेक खगोलशास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे वर सांगितलेल्या तप्त आरंभाच्याच बाजूचे आहेत, मीही तेच मानतो. तरीही नाव मात्र मोजलेल्या गोष्टीचंच असावं, असं मला वाटतं.

तेव्हा पहिल्यांदा लिहिताना ‘वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारण’, पुढे नुसतं ‘पार्श्वभूमी प्रारण’. उगम समजावून सांगताना ‘अवशेष प्रारण’ खुशाल वापरावं.