वडिलांची फौजेतली पत्रे: काय ठेवावे, काय गाळावे

आपले वडील खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलात होते आणि १९७१ मध्ये त्यांनी पुण्यात कसबा पेठेतल्या घरी पत्नीला, म्हणजे आपल्या आईंना पाठवलेली आंतर्देशीय पत्रे आता नातेवाइकांना आणि पुढे सर्वांनाच वाचायला द्यायची आहेत, असे आपण लिहिले आहे. त्यांत लढाईबद्दल जवळजवळ काहीच नाही, नुसते भाडे, रेशन आणि मुलांची शाळा आहे. तेव्हा हा भाग गाळून मोजके उतारे द्यावेत का, हा आपला प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे: तो भाग मुळीच गाळू नये.

युद्धकाळात जवानांची पत्रे तुकडीतील अधिकारी तपासत, आणि ठिकाण किंवा हालचाली कळतील असे काही लिहिण्यास मनाई असे. म्हणूनच पत्त्यात गावाचे नाव नसून केवळ ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय) असते. ९९ हा आकडा पूर्वेकडील टपालाचा, एवढाच काय तो सुगावा लागतो. मोकळेपणाने लिहिता येईल असा विषय घर हाच उरत असे. ३ ते १६ डिसेंबरच्या भारत-पाक लढाईची हकीकत सैन्याच्या दफ्तरात नोंदलेली आहे, परंतु कमावता माणूस सीमेवर असताना पेठेतल्या एका बिऱ्हाडाने महिना कसा काढला, याची नोंद या पत्रांखेरीज कुठेही सापडणार नाही.

नक्कल करताना लेखन सुधारू नये. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तरी त्या पिढीतील पुष्कळांचा हात ‘कांहीं’, ‘नाहीं’ असाच वळत राहिला. ते आणि ‘सा. न. वि. वि.’ जसेच्या तसे ठेवावे. (शुद्धलेखन तपासून देण्यास उत्सुक असा एखादा नातेवाईक पुण्यात हमखास भेटतो, त्याला चहा पाजावा, पत्रे देऊ नयेत.) गाळायचेच असेल तर हयात व्यक्तींची आजारपणे, कर्जे आणि भाऊबंदकी तेवढी सार्वजनिक प्रतीतून गाळावी, आणि तिथे ‘दोन ओळी वगळल्या’ असे चौकटी कंसात नमूद करावे. न सांगता गाळलेले पत्र पुढे अभ्यासाच्या उपयोगाचे राहत नाही.

पत्र पूर्ण उलगडून, टपालाच्या शिक्क्यांसह दोन्ही बाजूंचे निदान ३०० डीपीआयचे रंगीत स्कॅन करावे. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी कटाक्षाने टाळावी, गंजक्या टाचण्या काढाव्यात.

एक कायदेशीर बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असला, तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्या पश्चात तो वारसांकडे जातो. त्यामुळे कागद आईंच्या पेटीतले असले तरी, वडिलांनी मृत्युपत्रात वेगळी तरतूद केलेली नसल्यास, सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी आई आणि आपली सर्व भावंडे यांची लेखी संमती घ्यावी. परदेशी असलेल्यांची ईमेलवर घेतली तरी चालेल.