‘पुनर्स्थापक न्याय’ म्हणावे की आणखी काही?

एका ताईंनी विचारले आहे: “गोव्यातल्या कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात असलेल्यांच्या घरच्यांसाठी आम्ही मराठीत एक पानी पत्रक काढतो आहोत. ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ला ‘पुनर्स्थापक न्याय’ आणि ‘रीएंट्री’ला ‘पुनर्वसन’ हे शब्द चालतील का? वाचणारे बहुतेक पेडणे, डिचोली, सत्तरीकडचे आहेत.”

ताई, मी त्या पत्रकात हे दोन्ही शब्द घालणार नाही. पहिला शब्द आहे तो इजा करणारा आणि ती सोसणारा यांना समोरासमोर आणून झालेली हानी भरून काढू पाहणाऱ्या पद्धतीसाठी, दुसरा तुरुंगातून सुटून पुन्हा घरी, समाजात येण्यासाठी.

आधी व्याकरण संपवतो. ‘पुनः’पुढे स्वर किंवा मृदू व्यंजन आले तरच विसर्गाचा र होतो: पुनर्वसन, पुनर्जन्म, पुनरागमन. पुढे ‘स्थ’ असताना र येत नाही, म्हणून शुद्ध रूप ‘पुनःस्थापना’. पण हा आक्षेप लहान आहे, वापरात चुकीची रूपेही रुळतात. खरी अडचण अर्थाची आहे. पेडण्यातल्या वाचकाने ‘पुनःस्थापना’ किंवा ‘पुनःप्रतिष्ठा’ वाचले की त्याच्या डोळ्यांपुढे देऊळ येते. जीर्णोद्धार, नवी मूर्ती, दरवर्षीचा वर्धापनदिन. मूर्ती पुन्हा बसवली की सगळे पूर्ववत होते, किंबहुना आधीपेक्षा झळझळीत. गुन्ह्यानंतर असे कधी होत नाही. ज्या घरात चोरी झाली त्या घरातली म्हातारी कुलूप दोनदा ओढून बघते, आणि वर्षानुवर्षे बघत राहते. पूर्ववत करण्याचे आश्वासन आपल्या शब्दाने देऊ नये.

ही पद्धत मागते ते वेगळेच. तिच्या प्रसाराची सुरुवात म्हणून कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताची एक घटना सांगतात. १९७४ साली एल्मिरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. त्यांच्या परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) न्यायाधीशांना सुचवले की यांना त्या लोकांच्या दारात उभे करा. दोघे दारोदार गेले, काय मोडले ते ऐकून घेतले आणि पुढे भरपाईही दिली. यातला दारावर थाप मारण्याचा क्षण मला फार मोठा वाटतो. न्यायालयात आरोपी न्यायाधीशाकडे बघतो. इथे त्याला त्या घरच्या माणसाकडे बघावे लागते. कुणाला झळ बसली, त्यांना आता काय हवे आणि ते कुणी करायचे, हे प्रश्न तिथे पहिल्यांदा विचारले जातात.

मग ‘समेट’ म्हणावे का, असे पुढे कुणीतरी विचारेलच. नको. हा शब्द या कामात घातक आहे. समेट दोन भांडणाऱ्यांत होतो, तडजोडीत दोघेही थोडे थोडे सोडतात, आणि ‘मांडवली’त तर तिसराच माणूस पैसे खातो. ‘सलोखा’ शब्द छान आहे, पण त्यातही दोन्ही बाजू सारख्या धरलेल्या असतात. इथे त्या सारख्या नाहीत. एकाने इजा केली, दुसऱ्याने सोसली, आणि पहिल्याने ते कबूल केल्याशिवाय बैठक सुरूच होत नाही. मार खाल्लेल्या बाईला ‘समेट कर’ म्हणून परत पाठवलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. पत्रकात ‘समेट’ दिसला तर तिच्यासारखीला वाटेल की पुन्हा तेच. माफी द्यायची की नाही हे सर्वस्वी तिचे. कुणी तिच्याकडून ती काढून घेऊ नये.

जुन्या मराठीत याच्या जवळचा एक शब्दसमूह होता: ‘गोतात घेणे’, ‘पंक्तीला घेणे’. वाळीत टाकलेल्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा पंगतीत बसवत. समाजाने स्वतःहून माणसाला परत घेणे, ही कल्पना आपल्या भाषेत नवी नाही याचा मला आनंद आहे. पण ती पंगत जातीची होती, आणि दोष पुष्कळदा गुन्ह्याचा नसून विटाळाचा असे. ते शब्द आज वापरता येणार नाहीत.

मी सुचवतो तो शब्द ‘सांधणारा न्याय’. सांधा हा ‘संधी’चाच घरचा शब्द. माझी आजी विहिरीवर घसरून पडली आणि तिचे मनगट मोडले. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, महिन्या-दीड महिन्याने सोडल्या, बोटाने चाचपून पाहिले आणि म्हणाला, “सांधलं हो, पण पावसाळ्यात आठवण करून देईल.” आजी त्याच हाताने पुढे कित्येक वर्षे भाकऱ्या थापत होती, आणि मृग लागला की मनगट चोळत बसायची. मोडले होते हे लपत नाही, आणि हात कामही करतो. शिवाय ‘सांधणे’ला वेळ लागतो हे प्रत्येकाला ठाऊक असते, ते वेगळे समजवावे लागत नाही.

आता ‘पुनर्वसन’. गोव्यात हा शब्द धरणाचा आहे. साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव गेले, माणसे वाडे आणि वालकिणी या ठिकाणच्या पुनर्वसन वसाहतींत गेली. मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीची जोती, वाटा वर येतात आणि लोक सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. म्हणजे पुनर्वसन झालेला माणूस तो, ज्याचे गाव गेले आणि ज्याचा काही दोष नव्हता. तुरुंगातून येणाऱ्याचे गाव जागेवर आहे. तो त्याच वाड्यावर, त्याच शेजाऱ्यांत येतो, आणि अडचण नेमकी तीच आहे. ‘पुनर्वसन’ म्हटले की घरचे विचारतील, जागा कुठे देणार?

इथे सरळ क्रियापद वापरा: ‘घरी परतणे’. आणि त्यानंतरच्या कामासाठी ‘घडी बसवणे’. संसाराची घडी विस्कटते आणि बसते, हे आपण रोज बोलतो. आधार कार्डावरचा पत्ता, रेशन कार्डावरचे नाव, बंद पडलेले बँक खाते, दोन महिन्यांचा रोजगार, दारू सोडली असेल तर ती सुटलेली राहावी म्हणून कुणाची सोबत, हे सगळे ‘घडी’त मावते. सुटल्यानंतरच्या अशा देखभालीला ‘अनुरक्षण’ हा सरकारी शब्द आहे, पण तो फलकावरच राहू द्या.

रजेबद्दल लिहायचे असेल तर महाराष्ट्रातल्या कारागृहांनी फर्लोला ‘संचित रजा’ आणि पॅरोलला ‘अभिवचन रजा’ म्हटले आहे. ‘अभिवचन’ मला मनापासून आवडतो, कारण पॅरोलचा मूळ फ्रेंच अर्थही ‘दिलेला शब्द’ असाच आहे. तरी आपल्या वाचकांसाठी पॅरोल, फर्लो हेच लिहा. वकील तेच बोलतात आणि घरचेही तेच.

‘गुन्हेगार’ शब्द मात्र कुठेही येऊ देऊ नका. यातला ‘-गार’ हा फारसी प्रत्यय ‘करणारा’ असे सांगतो, ‘केलेला’ असे नाही. त्याला भूतकाळच नाही. वीस वर्षांपूर्वी एकदा केले तरी माणूस आजही गुन्हेगार. ‘माजी कैदी’नेही काही साधत नाही. माजी आमदाराचा ‘माजी’ मानाचा असतो, कैद्याचा आयुष्यभर पाठीला चिकटतो. आणि देशातल्या तुरुंगांत दर चार जणांमागे सुमारे तीन जण अजून निकालाची वाट पाहणारे, म्हणजे ‘न्यायाधीन बंदी’ किंवा बोलीतले ‘कच्चे कैदी’ आहेत. त्यांच्या आयांना ‘गुन्हेगाराचे कुटुंबीय’ म्हणणे हा उघड अन्याय. त्यांच्या बाबतीत कबुलीची बैठकही आताच सुचवू नये, त्यांना आधी वकील हवा. मुलांच्या बाबतीत कायद्यानेच शब्दांचा विचार केला आहे: २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात आरोप करणारे, कलंक लावणारे शब्द मुलांसाठी वापरू नयेत असे तत्त्व आहे. वृत्तपत्रांतले ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ याच विचारातले. शब्द बोजड आहे, पण हेतू लाखमोलाचा, आणि मोठ्यांनाही तो लागू व्हावा असे मला वाटते.

‘पीडित’ही जपून. ‘पीडिता’ बातम्यांत इतकी एकाच अर्थाने येते की ज्याची मोटारसायकल गेली तो स्वतःला पीडित म्हणणार नाही. ‘ज्यांना झळ बसली ते’ असे लिहा.

राहता राहिला ‘तुरुंग’. कारागृह लिहावे की तुरुंग, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तो आपल्याच मातीतला शब्द आहे म्हणून सांगतो. आसगावात जन्मलेले कोशकार सेबास्तियाँव रोदोल्फ दालगाद यांनी त्याचे मूळ पोर्तुगीज ‘त्रोंकु’त दाखवले आहे. त्रोंकु म्हणजे झाडाचे खोड. भोके पाडलेल्या लाकडात कैद्याचे पाय अडकवत, त्यावरून तो कोठडीचा शब्द झाला. मलायी भाषेतही तो ‘तेरुंकु’ होऊन पोचला. मराठीनेही स्वतंत्रपणे तोच प्रवास केला: खोड, आणि त्यावरून पाय अडकवायचा ‘खोडा’. या शब्दाला गोव्यात दुसरा चेहराही आहे. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे १९५५ पासून १९६९ पर्यंत पोर्तुगीजांच्या कैदेत होते, आणि त्यांच्या नावापुढे ‘तुरुंगवास’ हा शब्द आला की आपण उठून उभे राहतो. तेव्हा ‘तुरुंग’ खुशाल लिहा, तो शिवी नाही. ‘कारागृह’ फक्त पत्त्यात ठेवा.

मजकूर असा करून पाहा:

“तुमचा माणूस घरी परतायच्या आधी आणि परतल्यावर त्याची घडी बसावी म्हणून आम्ही सोबत आहोत. त्याने केलेली चूक तो मान्य करत असेल आणि ज्यांना झळ बसली त्यांचीही तयारी असेल, तर दोघांना समोरासमोर बसवून मोडलेले सांधता येते का ते आम्ही पाहतो. याला सांधणारा न्याय म्हणतात. यायची किंवा माफ करायची सक्ती कुणावरही नाही. खटला चालू असेल तर आधी वकिलांशी बोला.”

आणि वर ‘बंदी क्रमांक’ छापणार असाल तर तो काढा. तिथे ‘श्री. / श्रीमती’ लिहून पुढे नावासाठी मोकळी जागा सोडा, आडनावासकट मावेल एवढी.